अमावस्येची कुमुदं

एका तळ्याकाठी एक कॉलेज होतं. तिथले विभागप्रमुख डॉ. टिळेकर यांनी फार पूर्वी ठासून लिहिलं होतं की कुमुद उमलतं ते चांदण्यानेच. त्यांची विद्यार्थिनी रेवती मात्र कितीतरी संध्याकाळी तळ्यावर बसून राहिली, आणि तिला दिसलं की अमावस्येच्या अंधारातही फुलं पाण्यावर हळूच डोळे उघडतात. तिने लेख लिहिला. तो संशोधनाच्या नियतकालिकाकडे जायचा तर सरांची सही हवी होती.

"पहिलं नाव माझं घाल. या विभागाचा रिवाजच आहे," सर म्हणाले.

"सर, आधी वाचता का?"

"नाव घालायला वाचायचं कशाला?"

रेवतीचे सगळे कष्ट दुसऱ्याच्या नावावर जाणार होते. तरी ती शांतपणे म्हणाली, "घालते, सर. फक्त एक वाक्य बदलते. आता तिथे 'डॉ. टिळेकर यांचे मत चुकीचे ठरते' असं आहे. तुमचं नाव आलं की 'माझे मत चुकले' असं करते."

सरांचं पेन हवेतच थांबलं. मग त्यांनी नावाचा विषय पुन्हा काढलाच नाही; मुकाट्याने सही केली.

रेवती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून अगदी हळू आवाज आला, "पोरी, पुढची अमावस्या कधी आहे गं?"