येसू परटिणीची धूरपट्टी

भैरवगडच्या रत्नसिंग राजांचा पांढरा अंगरखा धुऊन आला तो काळ्या ठिपक्यांनी भरलेला. राजांनी तडक येसू परटिणीला दरबारात उभं केलं.

"याला धुणं म्हणतात?"

"धुणं पांढरंच होतं महाराज. वाळत घातलं आणि काळं झालं," येसू म्हणाली. "गावात तांबटांच्या, चुनेवाल्यांच्या, गुळवाल्यांच्या मिळून साठ भट्ट्या. त्यांची काजळी आमच्या दोरीवर उतरते. माणसांच्या छातीतही उतरते. पण छाती कुणी धुवायला देत नाही, म्हणून दिसत नाही."

राजे चिडले. "एवढी शहाणी आहेस तर तूच घालव धूर. होळीपर्यंत निम्मा झाला पाहिजे. मात्र एकही भट्टी बंद करायची नाही. कुणाच्या भट्टीवर शिपाई बसवायचा नाही. आणि धूर घालवायला माझ्या खजिन्यातली कवडी लागता कामा नये. जमलं नाही, तर सगळ्या परीटआळीनं गाव सोडायचं."

दरबारी गालात हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसले दिवाण सबाजीपंत. आळीत तीस घरं होती, येसूला जपून बोलायला हवं होतं. पण पंतांचं हसणं ऐकून तिचं डोकं तापलं. गेल्या वर्षी याच शहाण्यानं भट्ट्या दिवसाआड पेटवायचा हुकूम काढला होता. लोकांनी एका दिवसात दोन दिवसांचं लाकूड जाळलं, आणि पंतांनी मोहीम फत्ते म्हणून शाल पांघरून घेतली!

"महाराज," ती म्हणाली, "लाकूड-कोळसा जळला की धूर होतो. आणि गावात लाकूड येतं ते एकाच वेशीतून. तिथल्या नाक्यावर दर गाडीमागे रुपया धूरपट्टी घ्या. डोक्यावरच्या मोळीला एक पैसा. गाडी कुणाचीही असो, सूट नाही. महिनाअखेरीस जमलेला सगळा पैसा गावातल्या घरांना सारखा वाटून टाका."

पंत खो खो हसले. "अगं, या हातानं घ्यायचं आणि त्या हातानं परत द्यायचं? मग उरलं काय?"

"उरतो तो हिशेब, पंत. वाटा सगळ्यांना सारखाच. पट्टी मात्र ज्याच्या त्याच्या धुराएवढी. दहा गाड्या जाळणारा दहा रुपये भरणार, एक जाळणारा एकच. आजवर धूर फुकट होता, म्हणून तो आवरायचं कुणाला सुचलं नाही."

राजांना वाटलं, परटीण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेते आहे. "दिलं वचन," ते म्हणाले. "गाडी कुणाचीही असो. होळीपर्यंत नाक्यावर तूच बस."

पहिल्या महिन्यात गावानं येसूला शिव्या घातल्या. दुसऱ्या महिन्यात गाव हिशेबाला लागलं. गुळवाले उसाची चिपाडं वाळवायचा कंटाळा करून लाकूड जाळत असत, ते आता चिपाडं वाळत घालू लागले. नरसू तांबटानं भट्टीची भगदाडं लिंपली, तोंड अरुंद केलं, आणि निम्म्या लाकडात तेवढीच भांडी काढली. चुनेवाल्यांना लाकूड फार कमी करता येईना. त्यांनी पट्टी भरली, चुना महाग केला, तेव्हा लोक चुना जपून वापरू लागले. कुणाच्या दारात शिपाई गेला नाही. काय करायचं ते ज्याचं त्यानं शोधलं. आणि मोळी विकत घेऊन चूल पेटवणाऱ्या म्हाताऱ्यांना भरलेल्या पैशांच्या बदल्यात आणे मिळू लागले, तशा शिव्याही थांबल्या.

मग एके दिवशी घंटा ओतणारे भिकोबाशेट नाक्यावर आले. ते पंतांचे सासरे.

"माझ्या घंटा देवळात जातात," ते म्हणाले. "मला सूट हवी."

"घंटा देवळात जातात, शेट," येसू म्हणाली. "धूर आमच्याच दोरीवर येतो. त्यालाही देवळात घेऊन जात असाल तर एक पैसाही देऊ नका."

शेट तणतणत जावयाकडे गेले. पण राजांचं वचन भर दरबारात दिलेलं, त्यामुळे पंतांचं काही चालेना. ते दात खात होळीची वाट पाहत बसले.

होळीच्या आदल्या दिवशी राजे गच्चीवर गेले. कित्येक वर्षांनी त्यांना नदीचं पलीकडचं वळण दिसलं. नाक्यावरची वही आणवली. पट्टी बसण्याआधी, दसऱ्याच्या महिन्यात, नऊशे गाड्या आल्या होत्या, गेल्या महिन्यात चारशे. साठच्या साठ भट्ट्या पेटत होत्या.

राजे शाबासकी द्यायला तोंड उघडणार, तोच पंत पुढे झाले.

"महाराज, हिनं अट मोडली आहे. राजवाड्याच्या हमामखान्यात पाणी तापवायला महिन्याला चाळीस गाड्या लाकूड येतं. चार महिन्यांत या बाईनं खजिन्यातून एकशे साठ रुपये वसूल केले! आपण म्हणाला होतात, कवडी लागता कामा नये."

राजांच्या कपाळावर आठी चढली. "येसू, खरं आहे हे?"

"रुपये घेतले, ते खरं," येसू म्हणाली. "पण पंतांना अजून ऐकता येत नाही. धूर घालवायला कवडी लागू नये, असं महाराज म्हणाले होते. धूर घालवला तांबटांनी आणि गुळवाल्यांनी, आणि तो स्वतःच्या डोक्यानं. राजवाड्यानं एक गाडीही कमी केली नाही. महाराज, धूर घालवायला तुमची कवडी लागली नाही. धूर करायला लागली."

राजे असे हसले की डोक्यावरचा मंदील कलला. पंतही हसू लागले, पण त्यांना कुणी साथ दिली नाही.

"माग, काय हवं ते," राजे डोळे पुसत म्हणाले.

"परीटआळी आहे तिथेच राहू द्या. आणि नाका कायमचा माझ्या हाती द्या. पंतांच्या हाती गेला तर उद्या सासऱ्यांना सूट मिळेल, परवा सगळ्या सोयऱ्यांना, आणि तेरवा पट्टी भरायला एकट्या मोळीवाल्याच उरतील."

राजे पुन्हा हसले. हातातलं सोन्याचं कडं उतरवून त्यांनी येसूला दिलं, आणि नाक्याचा शिक्का पंतांच्याच हातून तिच्या ओंजळीत ठेवायला लावला.