छत्तीस तारांचं चाक

सोनटक्क्याच्या रानाकाठी एक चिमुकली झोपडी होती. पुढे पिवळी शेवंती, मागे हिरवागार बांबू, आणि आत गिरजा आणि तिची आई. आई बांबूच्या कामट्यांच्या टोपल्या विणायची. त्यावर दोघींचं कसंबसं भागायचं. कधी भाकरी असायची तर कालवण नसायचं, आणि कालवण असलं की भाकरी एकच!

गिरजा अकरा वर्षांची, पण अंगाने चांगली दणकट. गाल गुबगुबीत, खांदे रुंद. ती चालू लागली की कोंबड्या आपणहून बाजूला व्हायच्या.

तिच्याकडे एक सायकल होती. साधीसुधी नव्हे हं! शाळेतल्या बाई तरुणपणी चिखलाच्या शर्यती खेळायच्या. दगडगोट्यांवरून सायकल दामटायची आणि पायऱ्या आल्या की ती खांद्यावर घेऊन पळायचं, अशी ती शर्यत. त्या वेळची ही सायकल, मेंढ्याच्या शिंगांसारख्या खाली वळलेल्या हँडलची. बाईंनी ती गिरजाला देऊन टाकली, कारण गिरजाची शाळेची वाट अगदी तशीच होती. आधी चिखल, मग गोटे, मग ओढा आणि शेवटी देवीच्या चाळीस पायऱ्या.

सायकलच्या मागे बसायची यमू, गिरजाची मैत्रीण. यमूचा एक पाय अधू होता. डोकं मात्र असं चलाख, की बाईसुद्धा अवघड हिशेब तिलाच विचारायच्या. पायऱ्यांपाशी गिरजा यमूला पाठुंगळी घेऊन वर सोडायची, मग खाली येऊन सायकल न्यायची.

सगळं छान होतं, फक्त मागचं चाक छान नव्हतं. दर आठवड्याला त्यातली एक तार तुटायची. टण्ण! गावातले झिपरूकाका नवी तार घालून ती खच्चून आवळायचे आणि म्हणायचे, "चाकाची काही चूक नाय, पोरी. तूच लई जड हायेस."

त्या दिवशी तर एकदम तीन तारा तुटल्या, चाक वेडंवाकडं झालं आणि दोघी ओढ्यात! यमूचे बाबा धावत आले. ते वाईट नव्हते, घाबरले होते. म्हणाले, "आता पुरे. उद्या यमूला तिच्या मामाकडे सोडून येतो. तिथं शाळा दाराशी हाय."

गिरजाच्या मनात आलं, उद्यापासून मागे बसून कोण गप्पा मारणार?

मोडकी सायकल खांद्यावर टाकून ती डोळे पुसत रानातून निघाली, तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून बारीक आवाज आला. "अगं, जरा थांबतेस का?"

काट्यात एक इवलीशी परी अडकली होती! तिचे पंख मोरपिशी, झगा जांभळा आणि केसांत दवाचे टपोरे मणी चमचमत होते. गिरजाने सायकल खाली ठेवली आणि आपल्या जाडजूड बोटांनी एकेक काटा असा अलगद बाजूला केला, की पंखावर ओरखडासुद्धा उठला नाही. हात मात्र तिचेच रक्ताळले.

"तुला तीन इच्छा!" परी टुणकन हँडलवर बसली. "पण माझे नियम आहेत. जे शब्द बोलशील तेच मिळेल. मागण्याआधी हवे तितके प्रश्न विचार. आणि तिसऱ्या इच्छेचं अर्धं काम तुझ्या हातांनी करायचं."

प्रश्न विचारायला कुणाला धीर असतो? गिरजा म्हणाली, "मला सगळ्यात चमकदार चाक दे!"

झुळुक! सायकलला चांदीचं चाक लागलं. त्यात सोळाच नाजूक तारा, केसासारख्या. गिरजा बसली, पहिल्याच गोट्यावर चाक आदळलं आणि पापडासारखं मोडलं.

"मग सगळ्यात मजबूत चाक दे!"

धडाम! आलं की बैलगाडीचं चाक, लोखंडी कड्याची धाव बसवलेलं! ते गोट्यांवरून मजेत गेलं. पायऱ्यांपाशी मात्र गिरजाला सायकल तसूभरही उचलेना. ती लालबुंद होऊन पायरीवर बसली. परी तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसत होती.

"एकच इच्छा उरली," परी हळूच म्हणाली. "तुझ्यासारख्या मुली माझ्याकडे काय मागतात, ठाऊक आहे? मला बारीक कर, म्हणतात. म्हण ना. फुलासारखी हलकी करीन तुला. मग कुठलंही चाक मोडणार नाही."

आपल्याला पाहून कोंबड्या बाजूला होत नसत्या, तर गिरजालाही आवडलं असतं. मग तिने विचारलं, "हलकी झाले तर यमूला पाठुंगळी घेऊन चाळीस पायऱ्या चढता येतील?"

"नाही," परी म्हणाली.

"मग नको."

आणि तिला एकदम आठवलं, की प्रश्न विचारता येतात! मग काय, तिने सरबत्तीच लावली. "तार नेहमी मागच्याच चाकाची का तुटते?"

"तुमचा सगळा भार मागेच असतो ना."

"आणि दर वेळी नव्या तारेच्या आसपासच का तुटते?"

"तूच सांग. तुझी आई टोपली विणताना एकच कामटी जोरात ओढते का?"

"छे! मग टोपली वाकडी होते, आणि शेजारच्या कामट्या..." गिरजाचे डोळे चमकले. "म्हणजे झिपरूकाका एकच तार आवळतात, म्हणून सगळं बिघडतं! मी जड आहे म्हणून नाही!"

"जड आहेस, म्हणून तारा जास्त हव्यात," परी प्रेमाने म्हणाली. "त्यात लाजायचं काय?"

मग गिरजाने सावकाश, शब्द जुळवून मागितलं. "मला रुंद रिम दे, पण खांद्यावर उचलता येईल अशी. छत्तीस पक्क्या तारा दे. आणि वर जाड टायर दे, गोट्यावर जरासं दबणारं."

सगळं समोर आलं, पण सुटं सुटं! अर्धं काम तिचं होतं ना. गिरजाने टोपलीच्या विणीसारख्या तारा एकीवरून एक तिरप्या ओवल्या. मग परीने दिलेल्या सोनेरी चावीने प्रत्येक तार थोडी थोडी आवळली. परी कान लावून बसली होती. "ही टिंग म्हणते, ती टुंग म्हणते. सगळ्यांनी एकच सूर धरायला हवा." छत्तिसाव्या तारेपर्यंत गिरजाची बोटं सुजली. मग तिने सगळ्या तारांवरून हात फिरवला. टिंग टिंग टिंग! एकच सूर!

"आता मी जाते," परी म्हणाली.

"तुझे पंख दुखत नाहीत ना?" गिरजाने विचारलं.

परी हसली. हसता हसता तिचा प्रकाश झाला, मोरपिशी, जांभळा, सोनेरी. तो चाकात शिरला, गरगर फिरला आणि एकेक थेंब होऊन छत्तीस तारांत मुरला. हँडलवर फक्त दवाचा एक मणी उरला.

सकाळी यमूचे बाबा तिच्या कपड्यांचं बोचकं घेऊन उभे होते. गिरजा म्हणाली, "काका, एकदाच मागून चला. तार तुटली तर यमूला घेऊन जा."

ते मागून चालू लागले. चिखल आला, चाक पचपचत पार झालं. गोट्यांवर बाबांनी डोळेच मिटले, पण टण्ण काही झालं नाही. ओढ्याचं पाणी उडालं आणि यमू खिदळली. मग गिरजाने यमूला पाठुंगळी घेतलं, चाळीस पायऱ्या चढून वर सोडलं, खाली आली, सायकल खांद्यावर टाकली आणि पुन्हा वर.

वर पोचल्यावर यमूने वाकून चाकाच्या तारा छेडल्या. टिंग टिंग टिंग. सगळ्या शाबूत होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "बोचकं घरी न्या. आज मला शाळेला उशीर झालाय."

बाबांनी बोचकं पाठीमागे लपवलं आणि गिरजाच्या रुंद खांद्यावर हात ठेवला. "पोरी," ते म्हणाले, "तू हाय तशीच राहा."

छत्तीस तारांची ही गोष्ट छत्तिसाव्या तारेशी येऊन थांबली. चाक मात्र अजून फिरतंय.