गोजरा तांबटीण आणि झोपेची जप्ती

एका राज्यात राजा झोपला होता. राजा वाईट नव्हता हो, चांगला होता. प्रजेच्या काळजीने त्याच्या डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा कवडीनाथ नावाचा मांत्रिक दरबारी आला आणि त्याने चिमूटभर झोप राजाच्या उशाशी ठेवली. राजा सुखाने निजला. पुढे चिमटीची ओंजळ झाली, ओंजळीची घागर झाली, आणि एके दिवशी राजा उठलाच नाही. त्याचा पलंग न्यायचौथऱ्यामागच्या दालनात नेऊन ठेवला. राजमुद्रा त्याच्या मुठीत तशीच राहिली. निवाडा झाला की कारकून ती मूठ उचलून कागदावर दाबत. राज्य चाललं होतं म्हणायचं, एवढंच.

राजासाठी इतकी झोप येत कुठून होती? प्रजेकडून, दुसरीकडून कुठून येणार! कवडीनाथाचा धंदाच तो. एखादा सावकार मेला की त्याच्या वारसांकडून जुनी येणी कवडीमोलाने विकत घ्यायची. किती दिलं, किती फिटलं, याची चौकशी करायची नाही. सरळ दावा लावायचा, निवाडा मिळवायचा आणि जप्ती आणायची. भांडीकुंडी, गुरंढोरं यांना त्याचे वसूलदार हात लावत नसत. ते उंबऱ्यावर एक मातीचं गाडगं ठेवत, काठावर टिचकी मारत, आणि घरातली झोप गाडग्यात उतरत असे. वरून फडकं बांधलं की काम झालं.

आता कोणी म्हणेल, दावा लागला तर माणसांनी जाऊन बोलायला नको का? त्याचंही ऐका. त्या राज्याचा कायदा असा होता, की प्रतिवादीच्या दारी तिन्हीसांजेला त्याच्या नावाने तीन हाका माराव्यात, आणि तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही तर दावा खरा धरावा. तीनच का? कारण तिथल्या आया पोरांना बोलायला लागल्यापासून शिकवत, की तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. वेताळ एकदाच हाक मारतो. ओ दिली की जीव त्याच्या मागे निघून जातो. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारील, तिसऱ्यांदाही मारील, मग खुशाल दार उघडावं. कवडीनाथाने हाका मारायला एक साळुंकी ठेवली होती. ती कौलावर बसून नाव घ्यायची. घरातली माणसं कडी लावून दुसऱ्या हाकेची वाट बघायची. दुसरी हाक कधी येत नसे. वेताळ टळला म्हणून लोक देवापुढे दिवा लावत, आणि मग एका सकाळी वसूलदार दारात उभे राहत.

तांबटआळीतल्या गोजराचंही असंच झालं. तिचा नवरा रायाजी हंडे-घागरी घडवायचा. त्याने कोंडोशेट सावकाराकडून अर्धा मण तांबं उसनं घेतलं होतं. पुढे कोंडोशेट वारला, रायाजीही वारला, आणि येणं कवडीनाथाच्या हाती गेलं. वसूलदारांनी पहिल्या खेपेला गोजराची झोप नेली. गोजराने ते सोसलं. नवऱ्यामागे तिला झोप तशीही धड लागत नव्हती. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "व्याज राहिलंय," आणि त्यांनी बकुळाची झोप नेली.

बकुळा तिची लेक. अजून दुधाचे दात न पडलेली. लहान लेकराची झोप गाढ, राजवाड्यात तिला भाव जास्त. टिचकी वाजली, पोर दचकून उठून बसली, ती बसलीच. डोळे मिटले की पुन्हा उघडत. चार दिवसांत तिने खाणं टाकलं, मग खेळणं टाकलं. ती नुसती आईच्या मांडीवर पडून आढ्याकडे बघत राही आणि विचारी, "आई, मला निजता का येत नाही गं?" वैद्य म्हणाले, ही अशी पुनवेपर्यंत काढील, पुढचं सांगता येत नाही. गोजराने पोरीला कडेवर घेतलं आणि न्यायचौथऱ्याची वाट धरली.

चौथरा गावाबाहेर, उंच कड्याच्या कुशीत होता. त्यावर सोमदेवशास्त्री बसत. माणूस सज्जन, पण न्यायाधीशाने चौथरा सोडू नये असा दंडक असल्यामुळे वर्षानुवर्षं एकाच जागी बसून पार आंबून गेलेला.

"शास्त्रीबुवा, माझ्याविरुद्ध निवाडा झाला. मला कुणी बोलावलंच नाही."

"तीन हाका झाल्या, बाई. मी इथे बसून या कानांनी मोजल्या."

"माझ्या दारात एकच झाली."

शास्त्रीबुवांनी तिच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. त्यांचा आवाज उतरला. "निवाडा फिरवायची वाट आहे. मूळ धनको आणून उभा कर. हाक मारणाराची साक्ष आण. आणि या चौथऱ्यावर फेरपुकार होईल, तेव्हा स्वतःच्या तोंडाने 'हजर' म्हण. आजवर कोणी हे तिन्ही केलं नाही. ज्याची झोप गेली, त्याच्या अंगात चालायचंही त्राण उरत नाही."

"मी चालेन," गोजरा म्हणाली.

मूळ धनको मेलेला होता, पण गेला नव्हता. ज्याचा जीव धनात अडकतो तो त्या धनावर भुजंग होऊन बसतो. कोंडोशेटही आपल्या पडक्या बारवेत मोहरांच्या राशीवर वेटोळं घालून बसला होता. जो आत उतरे त्याला तो डसत असे. गोजराने घरातला उरलासुरला एक तांब्याचा हंडा डोक्यावर घेतला, पोरीला शेजारणीकडे ठेवलं आणि ती पायऱ्या उतरली.

भुजंगाने फणा काढला. "धन न्यायला आलीस?"

"नाही, शेटजी. मी रायाजी तांबटाची बायको. आमच्याकडे तुमचं येणं किती राहिलंय, ते विचारायला आले."

फणा जागच्या जागी थांबला. इतक्या वर्षांत लोक तिथे फावडी घेऊन आले, मंत्र घेऊन आले, मुंगूस घेऊन आले. आपलं देणं विचारायला कोणी आलं नव्हतं. भुजंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. सापाच्या डोळ्यांत पाणी येत नाही म्हणतात, पण त्या दिवशी आलं.

"निम्मं फिटलंय," तो म्हणाला. "व्याज मी लावलंच नव्हतं. रायाजीच्या हाताला कसब होतं, म्हणून तसंच दिलं होतं मी. माझ्या पोरांनी माझा शब्द न विचारता विकून टाकला. उरलेलं कोणी आणून दिल्याखेरीज मला इथून सुटका नाही."

"मग या हंड्यात बसा. हे तांबं तुमच्या उरलेल्यापैकीच. बाकीचं कष्टून फेडीन."

भुजंग निमूटपणे हंड्यात उतरला. कोण म्हणतं साप लाजत नाही!

साळुंकीचं काम याहून अवघड निघालं. ती वेशीवर बसलेली होती, पायात तारेचं कडं होतं, आणि मालकाने शिकवलं तेवढंच बोलायची तिच्या जिभेला परवानगी होती. गोजराने खुशाली विचारली तर ती म्हणाली, "येसाजी!" पाणी देऊ का विचारलं तर म्हणाली, "भिमाबाई!" सगळी प्रतिवाद्यांची नावं. दुसरा शब्द तिला उच्चारताच येत नव्हता. बिचारी दर वेळी मान खाली घालायची.

गोजराला कीव आली. तिने तार हलक्या हाताने उलगडून कडं काढलं. साळुंकी मोकळी झाली तरी उडून गेली नाही. तेव्हा गोजराने भिंतीवर ज्वारीचे तीन दाणे मांडले. "साळुंकीबाई, दारी जाऊन तुम्ही किती हाका मारता? तेवढे दाणे उचला."

साळुंकीने एक दाणा उचलला. मग तिने चोच गावाबाहेरच्या उंच कड्याच्या दिशेने वळवली, आणि उरलेल्या दोन दाण्यांना हात, म्हणजे चोच, लावली नाही. गोजराने कड्याकडे पाहिलं, खालच्या चौथऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या मनात लख्ख उजेड पडला.

फेरपुकाराचा दिवस आला. तिन्हीसांज झाली. चौथऱ्याखाली सारा गाव जमला होता. डोळे तारवटलेली, वाळलेली माणसं, एकमेकांच्या आधाराने उभी. पोरगी गोजराच्या खांद्यावर मान टाकून पडली होती, तिला आता मान धरवत नव्हती. शेजारी हंड्यातून भुजंगाचा फणा वर आलेला. समोर कवडीनाथ, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून बसलेला.

"पुकार होऊ दे," शास्त्रीबुवा म्हणाले.

कवडीनाथाने साळुंकीला खूण केली आणि ओठांतल्या ओठांत मंत्र म्हटला. साळुंकीच्या चोचीतून आवाज निघाला तो रायाजीचा.

"गोजरा!"

हुबेहूब रायाजी. भट्टीपाशी उभा राहून पाणी मागताना मारायचा तशी हाक. गोजराच्या अंगावर काटा उभा राहिला. मेलेल्या माणसाचा आवाज, तिन्हीसांज, पहिलीच हाक. लहानपणापासून शिकलेलं सगळं तिच्या कानात ओरडू लागलं, ओ देऊ नकोस, ओ देऊ नकोस. कड्यावर आपटून तोच आवाज परत आला, "गोजरा!" मग पुन्हा, आणखी क्षीण, "गोजरा!" या हाका माणसाच्या नव्हेत हे तिला ठाऊक होतं. दगडाच्या होत्या. म्हणजे खरी हाक एकच, आणि एका हाकेला ओ दिली तर जीव जातो. तिने डोळे घट्ट मिटले. माझा गेला तर जाऊ दे, हिची झोप येऊ दे, असं ती मनाशी म्हणाली.

"हजर!"

कोणाचाही जीव गेला नाही.

"प्रतिवादी हजर आहे," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारलं होतं. "बाई, काय मागणं आहे?"

"शास्त्रीबुवा, हाका तुम्ही इथे बसून मोजता. एकदा माझ्या दारात येऊन मोजा."

"न्यायाधीश चौथरा सोडत नाही!" कवडीनाथ गरजला.

"हजर झालेल्याने बोलावलं तर सोडतो," शास्त्रीबुवा म्हणाले. "तेही कलम आहे. आजवर कोणी हजर झालं नाही, म्हणून वापरलं गेलं नाही."

ते उठले. पाय आखडलेले, गोजराच्या रिकाम्या खांद्यावर हात ठेवून ते एकेक पायरी उतरले, आणि सारा गाव भुजंगाचा हंडा उचलून त्यांच्यामागून तांबटआळीत आला. शास्त्रीबुवा गोजराच्या उंबऱ्यावर बसले. साळुंकी कौलावर बसली.

"रोज मारतेस तशीच मार," शास्त्रीबुवा तिला म्हणाले.

"गोजरा!" साळुंकीने हाक दिली.

शास्त्रीबुवांनी कान टवकारले. लांबवर कुठे गुरं हंबरली. एक बाई खोकली. शास्त्रीबुवा वाट बघत राहिले, दुसऱ्या हाकेची, आणि जसजसा वेळ गेला तसतशी त्यांची मान खाली जाऊ लागली. किती घरांतली माणसं असाच कान लावून बसली असतील, हे आता त्यांना कळत होतं. दुसरी हाक आली नाही.

"एकच," ते शेवटी म्हणाले. "दोन कड्याच्या होत्या. मी दगडाची साक्ष धरून माणसांची झोप नेली." मग ते हंड्याकडे वळले. "धनको, येणं किती?"

"निम्मं," भुजंग म्हणाला. "त्यातला हा हंडा मिळाला. बाकीचं सवडीने. बाई स्वतः विचारायला आली, मला पोचलं."

"निवाडा रद्द," शास्त्रीबुवा म्हणाले. "हिचा, आणि असल्या हाकेवर झालेला प्रत्येक."

तो शब्द उच्चारला गेला आणि कवडीनाथाच्या कोठारातल्या गाडग्यांची फडकी एकामागून एक सुटली. झोपा ज्याच्या त्याच्याकडे निघाल्या. वाटेत कोणाला धक्का लागला नाही की कोणाची चूक झाली नाही, कारण झोपेला आपलं माणूस ओळखता येतं. हंड्यातला भुजंग कात टाकून नाहीसा झाला. साळुंकीची जीभ मोकळी झाली आणि तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव घेतलं. कवडीनाथानेही तरुणपणी पहिलं येणं विकत घ्यायला स्वतःची झोप विकली होती. तीही परत आली. तो होता तिथेच भिंतीला टेकला आणि घोरू लागला. कोणी त्याला उठवलं नाही, कोणी मारलंही नाही. जागा झाला तेव्हा त्याच्याकडे मंत्र उरला नव्हता.

आणि ज्याच्याकडे उसनी झोप होती, तो राजा जागा झाला. केस विस्कटलेले, अंगावर रात्रीची वस्त्रं, तसाच तो पालखीतून तांबटआळीत आला. पुढे भालदार-चोपदार, मागे तुतारीवाले.

"कोणी जागं केलं आम्हाला?" राजा खड्या आवाजात म्हणाला. "या राज्यात काय काय झालं? आम्ही आज्ञा करतो, की..."

तुतारीवाल्याने तुतारी तोंडाला लावली. गोजरा झटकन पुढे झाली आणि तिने तुतारीच्या तोंडावर हात ठेवला. तिच्या खांद्यावर बकुळाचं डोकं जड झालं होतं, तोंड थोडं उघडं होतं, आणि श्वास संथ चालला होता.

"महाराज, हळू बोला," गोजरा म्हणाली. "पोर आत्ता निजलीय."

राजाने पोरीकडे पाहिलं. मग तो आळीतल्या मातीत खाली बसला, आणि यापुढे हाक प्रत्येकाच्या दारी तीनदा, दिवसाउजेडी, आणि न्यायाधीशाने स्वतः कानांनी ऐकलेली असावी, ही जागं झाल्यावरची पहिली आज्ञा त्याने अगदी कुजबुजत दिली. ती एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितली, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि अशीच ती सगळ्या राज्यात पोचली.