डावा पीळ

पूर्वी शालवती नगरीत सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरपायथ्याच्या एका खेड्यात दोर वळणाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव मुंजक ठेवले होते. बाप लवकर गेला. पुढे खेड्यातली अंबाडी सलग तीन वर्षे करपली, तेव्हा आई सामा हिला घेऊन तो शालवतीला आला. तिथे नदीकाठी दोरवाल्यांची मोठी आळी आहे आणि हाताला काम मिळते, एवढेच त्याने ऐकले होते.

बोधिसत्त्व डावखुरा होता. दोन तळव्यांत वाख, म्हणजे अंबाडीचे सोललेले तंतू, धरून दोर वळताना इतरांचा उजवा तळवा पुढे सरतो, त्याचा डावा सरे. त्यामुळे इतरांच्या दोराला उजवा पीळ पडे आणि त्याच्या दोराला डावा. दोर तेवढाच लांब, तेवढाच मजबूत. खेड्यात याची कोणी दखलही घेतली नव्हती.

शालवतीच्या आळीची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथले लोक भेटले की रामराम करीत नसत, ख्यालीखुशाली विचारीत नसत. एकाने विचारायचे, "पीळ कुठला?" दुसऱ्याने म्हणायचे, "उजवा!" की झाली ओळख. डावा पीळ त्यांच्यात फक्त तिरडी बांधायला वळत, मेलेला माणूस परत फिरू नये म्हणून. एरवी डावा दोर घरात आला तर त्या दिवशी चूल पेटवीत नसत.

बोधिसत्त्व आळीत शिरला तेव्हा वेशीवरच्या म्हाताऱ्याने हसून विचारले, "पीळ कुठला?"

"डावा," तो सरळ म्हणाला. त्याला वाटले, कामाची चौकशी चालली आहे.

म्हाताऱ्याचे हसू जागच्या जागी सुकले. त्याने बाजूला थुंकून दार लावून घेतले. त्या दिवसापासून मायलेकरांना आळीच्या टोकाला, उकिरड्याच्या पलीकडे राहावे लागले. अंबाडी भिजवायला आळीचे तळे होते, पण सामाला तिथे मज्जाव होता. ती रस्त्याकडेच्या डबक्यात कमरेएवढ्या घाण पाण्यात उभी राहून अंबाडी भिजवी.

बोधिसत्त्वाला याचा राग येई, आणि राग आला तरी त्या लोकांचा लोभही सुटत नसे. सकाळी आळीतले बायापुरुष लांबच लांब दोर ताणून पाठमोरे चालत पीळ भरीत आणि चालता चालता गात. एकाने ओळ टाकायची, चाळीस जणांनी उचलायची. तो आपल्या झोपडीपुढे एकटाच वळत बसे आणि तीच ओळ तोंडातल्या तोंडात म्हणे. त्याला त्यांच्यात बसायचे होते. हे त्याने कोणापासून लपवले नाही, स्वतःपासूनही नाही.

त्याने उजव्या पिळाचा प्रयत्न करून पाहिला. महिनाभर उजवा तळवा पुढे रेटला. जो दोर निघाला तो उंदीर गिळलेल्या सापासारखा, इथे फुगलेला, तिथे खपाटीला गेलेला. सामाने तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"हा दोर कुणाचा रे?"

"माझाच, आई."

"तुझा नाही हा," ती म्हणाली. "पण मी काय म्हणते, मी मेले तर मला खांदा द्यायला चार माणसं लागतील. तू एकटा कसा उचलशील मला? निदान दोरी तरी घरचीच मिळेल म्हणा." आणि ती स्वतःच हसली. बोधिसत्त्वाला हसू आले नाही. म्हातारीची धास्ती खरी होती.

आळीतल्या दोरवाल्यांची श्रेणी, म्हणजे संघटना, होती; तिचा ज्येष्ठक, म्हणजे मुखिया, सुदंत नावाचा साठीचा गृहस्थ होता. तो अधूनमधून झोपडीकडे येई, बोधिसत्त्वाचे दोर बोटांनी चाचपून पाही आणि चार-दोन विकत नेई. प्रत्येक वेळी बोधिसत्त्व सांगे, "ज्येष्ठक, पीळ डावा आहे हं." प्रत्येक वेळी सुदंत म्हणे, "ठाऊक आहे मला."

एका सकाळी तो येऊन खाटेवर टेकला.

"पोरा, परवा श्रेणीची पंगत आहे. पलीकडच्या तीरावर, वडाखाली. मी तुला आमच्यात घेतो."

बोधिसत्त्वाच्या हातातला वाख खाली पडला. "आणि पिळाचं काय?"

"लोक विचारतील, पीळ कुठला. तू नुसता हस, मान हलव. उत्तर मी देईन. तुला खोटं बोलावं लागणार नाही. पुढे दोर वळलास की त्याला चिंचोक्याची खळ लाव, वरून चिकणमाती चोळ. पीळ कोणत्या बाजूचा ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. आईला तळं मोकळं, तुला पंगत मोकळी. कुणाचं काही बिघडतं का यात?"

बोधिसत्त्वाने लगेच नाही म्हटले नाही. शहाणा माणूसही दारात आलेल्या सुखाला चटकन घालवून देत नाही. दोन दिवस तो स्वतःशीच भांडत राहिला. मान हलवणे म्हणजे बोलणे नव्हे, असे एक मन म्हणे. मग ती हलवायची कशाला, असे दुसरे विचारी.

पंगतीच्या दिवशी आई धुतलेले लुगडे नेसली आणि दोघे घाटावर गेली. सगळी आळी जमली होती. भाताचे हंडे, केळीच्या पानांचे भारे, कडेवरची मुले, सगळे एकाच मोठ्या नावेतून पलीकडे जायचे होते. नदीवर या तीरापासून त्या तीरापर्यंत दोर बांधलेला असे आणि त्याला कडीने अडकवलेली नाव प्रवाहाच्या रेट्याने पलीकडे जाई. त्या वर्षी पाण्याने काठ खाल्ला होता, पात्र रुंदावले होते. एक दोर पुरेना, म्हणून तिंबरू नावाड्याने श्रेणीच्या कोठारातून दोन दोर आणून मधोमध सांधले होते.

"जरा धर रे हे," म्हणत तिंबरूने दोराचे टोक बोधिसत्त्वाच्या हातात दिले आणि तो खुंटा ठोकू लागला.

दोर मातकट, कडक, गुळगुळीत होता. खळीचा वास येत होता. पण दोरवाल्याच्या तळव्याला डोळ्यांची गरज नसते. बोधिसत्त्वाने तळवा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. तो दोर त्याचा होता. सुदंताने विकत नेलेला, खळ लावून श्रेणीची खूण मारलेला. आणि नदीच्या मध्यावर तो एका उजव्या दोराला जोडला होता.

उजव्याला उजवा जोडला तर ओढ बसली की दोघांचे पीळ एकमेकांना अडवून धरतात. डाव्याला डावा जोडला तरी तसेच. उजव्याला डावा जोडला की ओढीखाली सांधा भिंगरीसारखा फिरतो आणि दोन्ही दोर उलगडतात. हे शेंबड्या पोरालाही कळले असते, पीळ दिसत असता तर.

बायका नावेत चढू लागल्या होत्या. सुदंत काठावरून हसून हात हलवत होता, ये, ये, म्हणून. बोलावे तर ज्येष्ठकाची अब्रू सगळ्या आळीपुढे जाणार आणि त्याच्याबरोबर पंगत, तळे, आईचे चार खांदेकरी. बोधिसत्त्वाने एकदा आईकडे पाहिले. मग तो खुंट्यापाशी जाऊन दोरावर पाय देऊन उभा राहिला.

"उतरा सगळे! नाव सुटायची नाही. यातला एक दोर डावा आहे. माझा आहे."

एकच गलका उठला. सुदंताचा चेहरा पांढरा पडला. "श्रेणीच्या दोराला डावा पीळ? काय बोलतोस तू? शुद्धीवर आहेस ना?" तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पोरा, गप्प बस. आजच्या दिवस. पाया पडतो तुझ्या."

"ज्येष्ठक, चाळीस माणसं बसणार आहेत या नावेत."

"याला पंगतीचं आमंत्रण कुणी दिलं?" कोणीतरी ओरडले. "हाकला याला!"

"हाकला," बोधिसत्त्व म्हणाला, "पण नाव सुटली नाही पाहिजे. मला तुमच्यात यायचं होतं, अजूनही यायचं आहे. म्हणून काय तुम्हाला बुडू देऊ?"

दोघे-तिघे त्याला ओढायला धावले. तोवर तिंबरू नावाडी मध्ये आला. "थांबा. नाव माझी आहे आणि आधी मी बुडेन. माणसांवाचून सोडून बघू. बायांनो, हंडे घेऊन उतरा खाली."

नावेत माणसांच्या वजनाचे दगड भरले. तिने काठ सोडला, मध्यावर गेली, प्रवाहाने तिला रेटले, दोर ताणला. सांधा एकदा फिरला, पुन्हा फिरला, मग थांबेचना. पेड मोकळे होऊन वाख पाण्यावर पसरला आणि दगडांची नाव आडवी होऊन बुडाली.

आता लोकांनी बोधिसत्त्वाचे उपकार मानले असतील, असे कोणाला वाटेल. माणसे इतकी सरळ असती तर जन्मोजन्मी शिकवायची पाळीच आली नसती. वेशीवरचा तो म्हातारा ओरडला, "बघितलंत? डावा पीळ शिवला आणि नाव गेली! म्हणत नव्हतो मी?"

लगेच सगळ्यांना तेच पटले. वाळूतच बैठक बसली. बोधिसत्त्वाला मध्ये उभे केले. म्हाताऱ्याने निकाल सुचवला, आणि तो आपल्या परीने दयाळूपणाच करीत होता. आळीत एखादे मूल डावखुरे निघाले की त्याचा डावा हात कमरेला बांधून ठेवीत, उजवा वळेपर्यंत. "यानेही वर्षभर हात बांधून घ्यावा. पीळ सुधारला की आम्ही घेऊ. माणूस वाईट नाही."

बोधिसत्त्वाने या काठचा दोर ओढून घेतला आणि सांध्यात अडकून राहिलेल्या उजव्या दोराच्या तुकड्यासकट त्यांच्यापुढे टाकला.

"नीट बघा. माझा जितका उलगडला तितकाच तुमचा उलगडला. दोन्ही धड होते. डावा आहे असं उघड सांगितलं असतं तर तिंबरूने असा सांधा घातलाच नसता. नाव बुडवली ती खळीने. मी हात बांधून घेणार नाही. या हाताने मी आईला पोसलं आहे. तुमच्या पंगतीत बसायला मला आवडेल, फार आवडेल. पण बसेन तर दोन्ही हात घेऊन बसेन. नाहीतर माझं झोपडं मला बरं आहे."

"आणि तुझ्या म्हातारीला खांदा कोण देईल?" म्हाताऱ्याने विचारले. नेमके दुखते तिथे बोट ठेवायचे त्याला चांगले समजत होते.

सामा पुढे आली. "ती काळजी माझी आहे, याची नाही," ती म्हणाली. "मला फरफटत नेलं तरी मेलेल्याला काय दुखायचंय? पण जिवंतपणी माझ्या लेकाचा हात बांधलेला मी बघणार नाही."

ज्येष्ठकाने निकाल द्यायचा होता. सगळे सुदंताकडे पाहू लागले. त्याने शेजाऱ्याकडे वाख मागितला, तळव्यांत धरला, डोळे मिटले आणि वळू लागला. त्याचा डावा तळवा पुढे सरला.

वीतभर दोर झाला. तो त्याने बैठकीच्या मध्ये ठेवला. तिरडीसाठी उलट्या हाताने वळलेला दोर कसा ओबडधोबड असतो ते सगळ्यांना माहीत होते. हा तसा नव्हता. बारीक, एकसारखा, देखणा होता.

"माझा हात आठ वर्षं कमरेला बांधला होता," सुदंत म्हणाला. "मग मी उजव्याने शिकलो. बरा शिकलो, ज्येष्ठक झालो. तरुणपणी घरी एकटा असलो की डाव्याने वळायचो, खळ लावून दोर कोठारात सरकवायचो. ती युक्ती या पोराची नाही, माझी आहे. आजचा दोरही मीच मिसळला. साठ वर्षं तुमच्यात बसलो, गायलो, जेवलो, आणि एक दिवससुद्धा मला वाटलं नाही की तुम्ही मला ओळखता. याला येऊन वर्ष झालं, पण याला तुम्ही नीट ओळखता. आवडत नसेल, पण ओळखता."

त्याने ज्येष्ठकाचे उपरणे घडी करून वाळूवर ठेवले आणि तो बोधिसत्त्वाशेजारी जाऊन उभा राहिला. "आता काढायचं तर दोघांना काढा."

भाताच्या हंड्यापाशी बसलेली एक बाई वैतागून म्हणाली, "भात निवतोय. ज्यांना बसायचं त्यांनी बसा." निम्मे लोक उठून घरी गेले, ते खोटे कशाला सांगा. म्हातारा सर्वांत आधी गेला. राहिलेल्यांनी तिथेच वाळूत पाने मांडली. तिंबरू थोडा सरकला, त्याच्या शेजारची बाई सरकली, आणि मध्ये तीन पानांची जागा झाली. बोधिसत्त्व मांडी घालून बसला आणि त्याने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलून शेजारणीच्या द्रोणात पाणी ओतले. ती प्याली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली ती एका भिक्षूमुळे. तो सीमेवरच्या रानातून आला होता. इतर भिक्षू त्याच्या बोलीला हसतात म्हणून त्याने ती टाकली होती आणि चारचौघांत तो उसन्या शब्दांत मोजके बोलून गप्प होई. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची सामा म्हणजे आज दररोज विहारात भिक्षा वाढणारी वृद्ध उपासिका. तिंबरू नावाडी म्हणजे आपला द्वारपाल भिक्षू. वेशीवरचा म्हातारा म्हणजे काल हसणाऱ्यांत जो सर्वांत मोठ्याने हसला तो. मी त्याचे नाव घेत नाही, त्याला ते ठाऊक आहे. दोर वळणारा मुंजक तो मीच. आणि सुदंत ज्येष्ठक म्हणजे तू, बाळा. एका जन्मात साठ वर्षे लपवून झाले आहे तुझे. आता पुरे कर. संघ हा आपल्या माणसांचा असतो, आणि तू कोण हे आम्हाला कळल्यावाचून आम्ही तुला आपला म्हणावे तरी कसे?"

तो भिक्षू उठला. हात जोडून त्याने आपल्या रानातल्या बोलीत, खणखणीत आवाजात शास्त्यांना वंदन केले. त्या दिवशी कोणी हसले नाही. आणि हसले असते तरी तो थांबला नसता. या न लपवण्यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.