म्हाकूबाईची घोंगडी

फार मागं, खैरपठारावर माणसांपरीस मेंढरं जास्त होती, तेव्हाची ही हकिकत. पोरींनो, तुम्ही जरा कान देऊन ऐका.

त्या गावात बाईवर चोरीचा आळ आला की तिला ऊन पुसायचे. म्हणजे भर दुपारी पारावर उभी करायची, आणि पाटलाचा विडा चघळून होईस्तोवर तिनं सूर्याकडं टक लावायची. पापणी लवली तर चोर. आणि गड्यावर आळ आला तर? गड्याला कोण पुसतंय!

म्हाकूबाई धनगरणीची लेक ठकी गावातच दिलेली. तिच्या सासूची नथ हरवली आणि आळ ठकीवर आला. पोर खरी होती, म्हणून तिनं पापणी लवू दिली नाही. गावानं तिची ओटी भरली. दुखलं नाही, खुपलं नाही, पण सांजच्याला तान्ह्याला पाजायला घेतलं तर त्याचं तोंडच दिसेना. कडंनं कुंची दिसायची, मधोमध नुसता काळा डाग. तो डाग कधी गेला नाही. नथ मात्र म्हशीच्या गव्हाणीत सापडली. खोटी असती तर डोळे वाचले असते, असला तो न्याय! मेल्यांचा.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारची सून गजरा पारावर उभी केली. म्हाकूबाई मेंढरं टाकून आली आणि खांद्यावरची घोंगडी तिनं पोरीच्या तोंडावर टाकली.

"म्हाकू, बाजूला हो. देवाचा न्याय आहे," पाटील म्हणाला.

"मग तूच बघ की देवाकडं. तोंडात विडा आहे, डोळे तर रिकामेच आहेत."

पाटलानं वर बघितलं, आणि विड्याचा एक चावा व्हायच्या आत धोतराचा सोगा डोळ्याला लावला. पार हसला. पाटील चिडला. त्यानं घोंगडी ओढायला गडी सोडले. असं म्हणतात, गडी ओढत गेले तशी घोंगडी वाढत गेली. पार झाकला, गाव झाकलं, सगळं पठार झाकलं. कोंबड्या भर दुपारी खुराड्यात शिरल्या. ऊन पुसणं बंद, अशी पाटलानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली, तेव्हाच म्हाकूबाईनं घोंगडी खांद्यावर घेतली.

एवढं नवल झालं, पण ठकीची नजर काही परत आली नाही. हे गाळून जो गोष्ट सांगेल त्याच्या तोंडात माती.

अजून खैरपठारावर ग्रहण लागलं की म्हाताऱ्या भोकं पडलेली घोंगडी पोरांच्या डोक्यावर आडवी धरतात. भोकाभोकातून मातीवर सूर्याच्या कोरी पडतात. बघायचं ते खाली बघा म्हणतात, वर मान केली तर म्हाकूबाईची काठी बसेल.

आणि घरात मूल जन्मलं की त्याचं तोंड आधी आईनं डोळे भरून बघायचं. तोवर बाकीच्यांनी, पाटील असला तरी, उंबऱ्याबाहेर थांबायचं.