नव्या रस्त्यावरचा ओरखडा

सोसायटीचे चेअरमन तात्यासाहेब यांनी इंदूबाईंचा छोटा ट्रॅक्टर शेतकामाला मागून नेला आणि काम झाल्यावर, मागे जोडलेल्या माती भुसभुशीत करणाऱ्या रोटावेटरसकट, त्यांच्या अंगणात परत आणून लावला. पण हायड्रॉलिकच्या पाइपातून तेल गळत होतं आणि टेकलेला रोटावेटर काही केल्या उठेना. इकडे इंदूबाईंच्या द्राक्षबागेची मशागत खोळंबली होती.

"रोटावेटर उचलायची लिफ्ट मी नेतानाच बंद होती," तात्या शेजाऱ्यांसमोर गरजले. "दुरुस्तीचं तुमचं तुम्ही बघा!"

इंदूबाई हळहळल्या. "अरेरे! म्हणजे तुमच्या शेतापासून रोटावेटर फरफटतच आला म्हणायचा. तुम्ही खटपट करून आणलेला नवा डांबरी रस्ता पार उखडला असेल हो!"

तात्यांचा पारा चढला. "माझ्या रस्त्यावर एक ओरखडा दाखवा! अख्ख्या वाटेत रोटावेटर वीतभर उचललेला होता!"

बोलून गेले आणि तात्यांनी जीभ चावली. शेजारी खो खो हसत सुटले.

"रस्ता वाचला, बरं झालं," इंदूबाई म्हणाल्या. "आता मिस्त्रीला तेवढा फोन लावा, तात्या."