गाडीखालचा कोरडा कागद

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याला जुन्या अमेरिकन मोटारींचा नाद लागला. नाद म्हणजे कसा, तर माणसानं अर्धी भाकरी ताटात टाकावी आणि गाडी बघायला पळावं असा. सांगलीत त्याची मोठी वखार होती. तिच्यामागच्या छपरात बघता बघता पाच गाड्या जमल्या. एकेक गाडी म्हणजे धूड. पुढं लखलखणारी जाळी, आत सोफ्यासारखी बैठक, आणि वळवायची म्हटलं तर अर्धा चौक रिकामा करावा लागे. सगळ्या पाऊणशे वर्षांच्या म्हाताऱ्या, आणि त्यातली एकही धड चालत नव्हती.

अशा गाड्यांना हात लावणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. जी उरली आहेत त्यांत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बाबालाल मिस्त्रींचं नाव पहिलं. वय अठ्ठ्याहत्तर. सारा परिसर त्यांना वस्ताद म्हणे. त्यांच्यापाशी श्रेणिक नावाचा शिष्य सहा वर्षं विद्या घेत होता. तिशी ओलांडलेला, डिप्लोमा झालेला, कारखान्यातली बरी नोकरी सोडून आलेला. घरच्यांनी कपाळाला हात लावला होता, पण या गाड्यांपुढं त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. हातात कसब होतं, डोक्यात बुद्धी होती. घाई तेवढी जरा जास्त होती, पण ती हुशार माणसात असतेच.

त्या व्यापाऱ्यानं, म्हणजे शेटजींनी, आपली हिरवी गाडी, सत्तेचाळीस सालची, श्रेणिकच्या स्वाधीन केली आणि म्हणाले, "ही तू एकट्यानं उभी कर. मिस्त्रींना हात लावू देऊ नकोस. पसंत पडली तर बाकीच्या चारही तुझ्याच. वखारीतलं एक छप्पर देतो, तिथं तुझं स्वतःचं वर्कशॉप काढ. पण एक अट आहे बघ. माझ्या पोर्चमध्ये पांढरीशुभ्र फरशी आहे. तिच्यावर तेलाचा एक थेंब पडता कामा नये. पडला, तर आमच्या घरातली मला गाडीसकट बाहेर काढील."

श्रेणिकला आभाळ ठेंगणं झालं. स्वतःचं वर्कशॉप! त्यासाठीच तर त्यानं नोकरीवर पाणी सोडलं होतं.

पाच महिने त्यानं दिवस पाहिला नाही की सण पाहिला नाही. इंजिन खोललं, बसवलं. जे भाग बाजारात मिळत नाहीत ते लेथवर स्वतः कातून घेतले. ब्रेक नवे, वायरिंग नवं, रंग असा की त्यात तोंड दिसावं. गाडी पहिल्या हाकेला सुरू होई. सगळं झालं, आणि तो एक थेंब काही जाईना.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लचभोवती एक गोल लोखंडी कवच असतं. या गाडीच्या कवचाला तळाशी एक लहानसं भोक होतं, आणि त्या भोकात एक साधी दुहेरी, दोन पायांची पिन नुसतीच लोंबत होती. ना ती काही धरून होती, ना कशाला अडवून होती. बोट लावलं की खुळखुळायची. आणि तिच्याच टोकावरून तेल ठिबकायचं. श्रेणिकनं पाहिलं आणि तो हसला. "कुणीतरी आळशी मेकॅनिक बोल्ट लावायचा विसरला आणि पिन अडकवून मोकळा झाला," तो स्वतःशीच म्हणाला. वस्तादांना विचारायला तेव्हा वस्ताद जागेवर नव्हते. नातीच्या लग्नासाठी ते दहा दिवस मिरजेला गेले होते. असते तरी त्यानं विचारलं असतं असं मला वाटत नाही.

त्यानं पिन काढून फेकली. भोकाला आटे पाडले, चपखल बोल्ट बसवला आणि वर शेलॅकचा चिकट थर लावून ते कायमचं बंद करून टाकलं. मग गाडीखाली पांढरा कागद अंथरला. आठ दिवस तो सपाट रस्त्यानं रोज वीस-पंचवीस किलोमीटर गाडी फिरवून आणी, कागदावर उभी करी आणि सकाळी येऊन बघे. कागद कोरडा. आठही दिवस कोरडा ठणठणीत. आठव्या दिवशी त्यानं आईला फोन करून सांगितलं, "आई, झालं गं आपलं काम!"

गुरुवारी सकाळी शेटजी गाडी न्यायला आले. सोबत पेढे होते. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून झाल्यावर ते वाकले, खालचा कागद त्यांनी ओढून पाहिला आणि श्रेणिकच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढंच गेला. "जिंकलास! रविवारी सगळ्यांना घेऊन कोकणात उतरतो. अंबा घाटानं जायचं, त्याच वाटेनं यायचं. येताना घाट कसा चढते ते बघू."

हे शेवटचं बोलणं ऐकतच वस्ताद मिरजेहून आले. पिशवी खुंटीला अडकवली. त्यांची नजर पहिल्यांदा गाडीकडं गेली नाही, शेटजींच्या हातातल्या कागदाकडं गेली.

"किती दिवसाचा ह्यो कागद?"

"आठ दिवसांचा, वस्ताद," श्रेणिक छाती फुगवून म्हणाला. "एक डाग दाखवा."

म्हातारबाबांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, हातात पाना घेतला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो देह गुडघे करकरवत गाडीखाली शिरला. कुणाला काही कळायच्या आत पाना फिरला, बोल्ट खाली पडला, आणि त्यामागोमाग काळं तेल भळाभळा वाहू लागलं. चांगलं वाटीभर तेल. ते वर्तमानपत्रावर पसरलं, शेटजींच्या पांढऱ्या बुटापर्यंत आलं. मग वस्तादांनी खिशातून एक दुहेरी पिन काढली, भोकात अडकवली, तिचे पाय वाकवले, बोटानं एकदा खुळखुळवून पाहिली आणि ते बाहेर आले.

"आता ठीक हाय," ते हात पुसत म्हणाले. पिनेच्या टोकाशी एक थेंब जमला आणि टपकन खाली पडला.

श्रेणिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांत गुरूपुढं आवाज चढवला नव्हता, तो आज चढला. "वस्ताद, माझं वाटोळं केलंत तुम्ही! पाच महिने हाडाची काडं केली मी. माझं चांगलं व्हायची वेळ आली, तर ते बघवलं नाही का तुम्हाला?"  

वस्ताद रागावले नाहीत. स्टुलावर बसले, थोडा दम खाल्ला.

"लेका, एकच विचारतो. भोक तर तू बंद केलंस. मग ह्ये वाटीभर तेल कुठनं आलं?"

श्रेणिकनं वर्तमानपत्रावर पसरलेल्या तेलाकडं पाहिलं.

"असल्या जुन्या इंजिनाच्या मागच्या अंगाला तेल अडवायला दोरीचं सील असतंय. त्यातनं थोडं तेल पाझरणारच. बनवणाऱ्याला ते ठाऊक होतं. त्यानं बढाई मारली न्हाई की माझं इंजिन पाझरत न्हाई. त्यानं त्या तेलाला बाहेर जायला वाट ठेवली. वाटेत माती बसून ती बुजू नये म्हणून पिन ठेवली, आणि ती मुद्दाम सैल ठेवली. गाडी चालली की ती खुळखुळती, भोक साफ राहतंय. तू तेल थांबवलं न्हाईस, बाळा. तेल पाझरतच होतं. तुला दिसायचं तेवढं थांबलं. आठ दिवस ते आत साठत होतं, क्लचच्या अंगाखाली. ह्या रविवारी शेटजी बायकापोरांना घेऊन अंबा घाट चढले असते, क्लचप्लेट तेलानं माखून घसरली असती, इंजिन नुसतं बोंबललं असतं आणि गाडी मागं घरंगळली असती. आज कोरडा कागद बघितला आणि तिथंच वळखलं, वाट बुजलीया."

 शेटजींनी बूट झटकला. व्यापारी माणूस, त्याला व्यवहारातला मधला मार्ग सुचला. "हे बघ श्रेणिक, मिस्त्री म्हणतात ते असेल खरं. पण फरशीचं मी घरी काय सांगू? तो बोल्ट परत लाव. आठ दिवसांनी एकदा काढून तेल ओतून टाकत जाऊ. रविवारी मी जपून चालवीन. लाव, आणि चारही गाड्या उद्यापासून तुझ्या. काय मिस्त्री?"

"काम त्याचं हाय," वस्ताद म्हणाले. "मला हात लावायची मनाई होती. मी एकदा मोडली, आता न्हाई मोडत. त्यालाच विचारा."

श्रेणिकनं जमिनीवरचा बोल्ट उचलला. किती सुबक काम होतं ते! स्वतःच्या हातानं पाडलेले आटे, कुठं ओरखडा नाही. तो बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला. स्वतःचं छप्पर, दारावर नाव, आईचा फोनवरचा आवाज, सगळं त्या बोल्टाच्या आट्यांत होतं. आणि घाटाच्या वळणावर मागं घरंगळणारी गाडीही आता त्याला दिसत होती.

"नाही शेटजी," तो म्हणाला. "बोल्ट लावणार नाही. आणि गाडी आज देतही नाही. क्लचप्लेटला तेल लागलंय का, ते खोलून बघावं लागेल. रविवारचं जमायचं नाही. गाडी न्याल तेव्हा तिच्याखाली ट्रे ठेवा. रोज सकाळी थेंब मोजा. वाढले तर मला बोलवा." तो पुढं म्हणाला, "आणि ज्या दिवशी एकही पडणार नाही, त्या दिवशी गाडी जागची हलवू नका. आधी मला बोलवा."

वस्तादांनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते शिष्याला दिसू नये एवढीच त्यांची खटपट होती.

शेटजी मात्र चिडले नाहीत की निघालेही नाहीत. पेढ्यांचा पुडा हातात धरून ते गाडीच्या पायरीवर बसले. कुणी काही विचारलेलं नसताना बोलू लागले.

"माझा थोरला पुण्याला असतो. धंद्यावरनं आमचं वाजायचं. फोनवर ओरडायचा माझ्यावर, अगदी वाट्टेल ते बोलायचा. एकदा मी ठणकावलं, की परत हा विषय काढलास तर बघ. दोन वर्षं झाली. आता दर रविवारी फोन करतो. 'बरे आहात ना' म्हणतो आणि ठेवून देतो." त्यांनी पुडा बाजूला ठेवला. "मी सगळ्या पाव्हण्यारावळ्यांना सांगत होतो, पोरगा निवळला म्हणून."

श्रेणिकनं हातातला बोल्ट बाजूला ठेवला. 

शेटजी उठले. "क्लच खोल. चार दिवस लागू देत नाहीतर आठ लागू देत. आणि बाकीच्या चार कधी आणू, तेही सांग," श्रेणिकला एवढं म्हणून ते दाराबाहेर, लिंबाच्या सावलीत गेले आणि त्यांनी फोन लावला. सुरुवातीला त्यांचाच आवाज येत होता, अडखळता, कधी न ऐकलेला. मग तो थांबला. थोड्या वेळानं पलीकडचा आवाज चढू लागला. शब्द कळत नव्हते, पण तो इतका चढला की आत, गाडीखाली शिरलेल्या श्रेणिकलाही ऐकू आला. शेटजी फोन कानाला घट्ट धरून उभे होते आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत म्हणत होते, "बोल बाळा. अजून काय काय आहे ते सगळं बोल. मी ऐकतोय."